शंट बसवल्यानंतरची डोकेदुखी : घरी काय बघायचं, काय करायचं आणि कधी निघायचं

दादाला शंट, म्हणजे डोक्यात साठणारं पाणी पोटात उतरवणारी नळी, बसवून घरी आणलं, त्याच्या पाचव्या दिवशी सकाळची गोष्ट. चहाचा कप हातात घेऊन तो बसला आणि दोन घोटांनंतर म्हणाला, "मागून कुणीतरी मान आवळल्यासारखं होतंय, मला आडवं होऊ दे." आडवा झाला, वीसेक मिनिटांत बरं वाटलं. दुपारी जेवायला उठला, पुन्हा तेच. आम्ही घाबरलो आणि त्याच्या पाठीशी तीन उश्या रचून त्याला टेकवून बसवलं. कारण ऑपरेशनच्या आधी चार महिने आम्ही हेच करत होतो. तेव्हा त्याला आडवं झालं की दुखायचं, उंच उशीवर उतार पडायचा. आता दुखण्याची तऱ्हा बरोबर उलटी झाली होती आणि ते लक्षात यायला आम्हाला तीन दिवस लागले.

ते तीन दिवस दुसऱ्या कुणाच्या घरी वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. दादाच्या सर्जननी आणि वॉर्डातल्या सिस्टरांनी जे समजावलं आणि नंतरच्या दीड वर्षात घरात जे पाहिलं, तेवढंच इथे आहे. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर याहून वेगळं लिहिलं असेल, तर कार्डावरचं पाळा.

आधी नळीचं काम समजून घ्या

मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. मोठ्या माणसात दिवसाला साधारण ५०० मिली तयार होतो, पण एका वेळी आत असतो जेमतेम १५० मिली. म्हणजे दिवसभरात तो तीन-चार वेळा बदलला जातो. त्याची वाट अडली किंवा तो रक्तात शोषला जाईना, की तो साठतो आणि दाब वाढतो. यालाच आपल्याकडे 'डोक्यात पाणी झालं' म्हणतात. दादाची वाट जन्मापासूनच अरुंद होती, त्रास मात्र चौतिसाव्या वर्षी सुरू झाला. कुणाला हे क्षयाच्या मेनिंजायटिसनंतर (मेंदूच्या आवरणाला सूज आल्यावर) होतं, कुणाला मेंदूतल्या रक्तस्रावानंतर, कुणाला गाठीमुळे, तर कुणाला म्हातारपणी.

शंट म्हणजे या पाण्याला दिलेली दुसरी वाट. एक बारीक नळी मेंदूच्या पोकळीत, मग कवटीवर कातडीखाली एक व्हॉल्व्ह आणि तिथून कानामागून, मानेतून, छातीवरून कातडीखालूनच पोटात उतरणारी लांब नळी. पाणी पोटात जातं आणि तिथे शोषलं जातं. किती दाबाला उघडायचं ते व्हॉल्व्ह ठरवतो. पहिला चांगला चाललेला व्हॉल्व्ह १९५६ साली अमेरिकेत एका कारखान्यातल्या जॉन होल्टर नावाच्या यंत्र-कारागिराने आपल्या केसी या मुलासाठी बनवला. मला हे नेहमी आठवतं, कारण घरच्या माणसाने बारकाईने बघितलं की काय होऊ शकतं याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या सरकारी रुग्णालयांत छाब्रा शंट बराच वापरला जातो. तो उत्तर प्रदेशात शाहजहांपूरला बनतो आणि परदेशी शंटच्या मानाने फार स्वस्त आहे. "स्वस्तातला बसवला म्हणून डोकं दुखतंय का?" असं मला दोन-तीन घरांतून विचारलं गेलं. युगांडात १९५ मुलांमध्ये छाब्रा आणि एका महागड्या परदेशी शंटची तुलना झाली होती. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षअखेरीस दोन्हींच्या निकालांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तेव्हा पैशांवरून स्वतःला दोष देऊ नका.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काय दुखणार हे धरूनच चला

टाक्यांची जागा दुखते, खेचल्यासारखी होते, सुकताना खाजते. तिच्या आसपासची कातडी बधिर वाटते, कंगवा लागला तर झिणझिण्या येतात. नळी कातडीखालून ओढून नेलेली असते, म्हणून मानेची एक बाजू आणि गळपट्टीचं हाड यांच्या रेषेत ठणका राहतो. मान वळवताना दोरी ताणल्यासारखं वाटतं. पोटाचा छोटा छेद हसताना, खोकताना दुखतो. काहींना खांद्याच्या टोकाशी कळ येते. पोटातली नळी छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला लागली की दुखणं खांद्यात जाणवतं. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण डॉक्टरांना ते माहीत असतं, त्यांना जरूर सांगा.

या दुखण्याची ओळख अशी की बोट ठेवून जागा दाखवता येते, साध्या गोळीने उतार पडतो आणि आठवड्यागणिक ते कमी होत जातं. आजचं कालपेक्षा थोडं जास्त असेल, चालेल. पण या आठवड्याचं गेल्या आठवड्यापेक्षा जास्त असेल, तर ते जखमेचं नसावं असं समजून विचारणा करा.

आडवं झाल्यावर की उठल्यावर?

"किती दुखतंय?" हा प्रश्न सगळेच विचारतात. त्यापेक्षा "कधी दुखतंय?" या प्रश्नातून जास्त हाती लागतं.

पाणी गरजेपेक्षा जास्त वाहून जात असेल, तर बसलं किंवा उभं राहिलं की दुखायला लागतं. कधी पाच मिनिटांत, कधी तासाभराने. बहुतेकदा डोक्याच्या मागच्या बाजूला आणि मानेत. सोबत मळमळ, कानात दडा बसल्यासारखं होणं, चक्कर. आडवं झालं की पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात उतार. सकाळी उठल्या उठल्या माणूस ठीक असतो आणि दिवस चढेल तसं दुखणं चढतं. याचं कारण सोपं आहे. छतावरच्या टाकीतून पाइप खाली सोडला की पाणी जोरात येतं, तसंच उभं राहिल्यावर डोकं आणि पोट यांच्यातल्या उंचीमुळे नळी पाणी ओढू लागते. हे ओढणं रोखणारा भाग काही व्हॉल्व्हमध्ये असतो, काहींत नसतो.

पाणी पुरेसं जात नसेल, म्हणजे नळी अडली असेल किंवा व्हॉल्व्हचं सेटिंग जास्त दाबाचं असेल, तर तऱ्हा उलटी. पहाटे दुखण्याने जाग येते, आडवं असताना जास्त दुखतं, खोकलं, शिंकलं, वाकलं, कुंथलं की डोकं फुटेल असं वाटतं. मळमळ फारशी नसतानाही अचानक उलटी होते. नजर धूसर होते किंवा एकाचे दोन दिसतात. ऑपरेशनच्या आधी जसं दुखायचं अगदी तसंच दुखतंय, असं पेशंट स्वतः म्हणाला तर ते फार गंभीरपणे घ्या. त्याने ते दुखणं महिनोन्महिने सोसलेलं असतं, त्याची ओळख त्याच्याइतकी कुणालाच नसते.

ही वाटणी दर वेळी इतकी स्वच्छ नसते. जास्त पाणी वाहून गेल्यामुळे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली रक्त साकळू शकतं. तसं झालं की उभं-आडवं हा फरक पुसला जातो आणि सतत दुखू लागतं. म्हणून ही तऱ्हा डॉक्टरांना सांगण्यासाठी वापरा, त्यावरून घरी निदान करू नका.

वही ठेवा, आजपासून

आमच्या वहिनीने दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं घेतली आणि रकाने आखले: वेळ, त्या वेळी आडवा, बसलेला की उभा आणि किती वेळापासून, दुखणं ० ते १० मध्ये किती, डोक्याच्या कुठल्या भागात, काय केलं किंवा कुठली गोळी दिली, किती वेळाने उतरलं. शेवटच्या रकान्यात उलटी, ताप, चाल, झोप, चिडचिड, जे दिसेल ते.

तिची एक नोंद अशी होती: "स. ९.४०. बसून २५ मि. मागे + मान. ७. आडवा केला. १०.०५ ला २. गोळी नाही." अशा अकरा नोंदी एकाखाली एक आल्या, तेव्हा दुखणं फक्त बसल्यावर येतंय हे आमच्यासारख्यांनाही दिसलं. डॉक्टरांनी ते पान वाचलं, आधी सिटी स्कॅन करून आत रक्त नाही याची खात्री केली आणि मग डोक्यावर बाहेरून एक उपकरण धरून व्हॉल्व्हचं सेटिंग बदललं. कापाकापी नाही, सुई नाही, ओपीडीतच काम झालं. आठवड्याभरात दादा बसून जेवू लागला. प्रत्येक व्हॉल्व्ह असा बाहेरून बदलता येत नाही. ठरावीक दाबाचा असेल तर डॉक्टर दुसरे उपाय सुचवतात.

दहा दिवसांची वही घेऊन जा. "अधूनमधून दुखतं" असं सांगितलं तर डॉक्टरांच्या हातात काहीच पडत नाही.

उठण्याची रीत

झोपेतून एकदम उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, हाताच्या आधाराने उठा, पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं थांबा, मग उभे राहा. ऑपरेशनच्या आधी पोकळ्या फार फुगलेल्या असतील, तर डोकं किती अंशात उचलायचं आणि कुठल्या दिवशी बसवायचं याच्या पायऱ्या सर्जन ठरवून देतात. त्या घाईने उडवू नका. बसल्यावर दुखत असेल, तर दिवसाची लहान तुकड्यांत वाटणी करा: वीस मिनिटं बसणं, मग अर्धा तास आडवं. जखमेच्या बाजूवर, व्हॉल्व्हवर भार देऊन झोपू नका.

आपल्याकडे भेटायला येणारी मंडळी प्रेमाने येतात आणि पेशंट शिष्टाचार म्हणून उठून बसतो. तासभर बसतो, चार जणांना तीच कहाणी सांगतो आणि संध्याकाळी डोकं धरून पडतो. आम्ही सरळ सांगू लागलो, "दादा पडूनच बोलेल हं, वाईट वाटून घेऊ नका." कुणालाही वाईट वाटलं नाही.

पाण्याची बादली, गॅसचं सिलिंडर, लहान मूल उचलणं हे सर्जन परवानगी देईपर्यंत बंद. देवापुढे वाकून नमस्कार करण्याऐवजी उभ्याने हात जोडा. भारतीय पद्धतीच्या संडासात बसताना-उठताना आणि कुंथताना दाब येतो, शक्य असेल तर काही आठवडे कमोड किंवा संडासाची खुर्ची वापरा.

बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष नको

ही गोष्ट आम्हाला कुणी आधी सांगितली नव्हती. नळीचं दुसरं टोक पोटात आहे. पोट साफ नसेल, आतला दाब वाढलेला असेल, तर पाणी उतरायला अडथळा येऊ शकतो, शिवाय कुंथण्याने डोकं दुखतं ते वेगळंच. ट्रॅमाडॉलसारख्या तीव्र वेदनाशामकांनी बऱ्याचदा बद्धकोष्ठ होतं. ती गोळी सुरू असेल तर सोबत पोट साफ राहण्याचं औषध मागून घ्या. घरी भरपूर पाणी, पपई, पालेभाजी, रात्री इसबगोल. तीन दिवस पोट साफ नसेल तर फोन करा.

गोळ्या

बहुतेकांना पॅरासिटामॉल दिलं जातं. मोठ्या माणसाने २४ तासांत एकूण ४ ग्रॅमची मर्यादा कधीच ओलांडायची नाही. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा दारूची सवय असेल तर मर्यादा त्याहून कमी असते, ती डॉक्टरांकडून लिहून घ्या. ६५०ची गोळी असेल तर सहा गोळ्यांतच ३.९ ग्रॅम होतात. सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे नकळत दुप्पट होतं. दोन गोळ्यांत निदान चार ते सहा तास जाऊ द्या.

ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मेडिकलवाल्याकडून आपल्या मनाने आणू नका. नुकत्याच झालेल्या मेंदूच्या ऑपरेशननंतर रक्तस्रावाचा धोका किती आहे हे सर्जनलाच ठरवू द्या. हृदयासाठी आधीपासून ॲस्पिरिन चालू असेल, तर ती पुन्हा कधी सुरू करायची हेही त्यांनाच विचारा, स्वतःहून बंद-चालू करू नका.

दुसरी चूक म्हणजे दुखायच्या आधीच गोळी घेत राहणं. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी तीन महिन्यांहून जास्त काळ चालली, तर ती गोळीच डोकेदुखीचं कारण बनू शकते. संमिश्र आणि तीव्र गोळ्यांना १० दिवसही पुरतात. वहीत गोळ्यांचा हिशेब ठेवण्याचं हे दुसरं कारण.

आणि साधी कारणं विसरू नका. दिवसाला पाच कप चहा पिणाऱ्याचा चहा हॉस्पिटलात तुटला, तर त्यानेही डोकं दुखतं. उपवास, अपुरं पाणी, झोपमोड, वाढलेला रक्तदाब, जुना चष्मा यांनीही दुखतं. पहिले दोन महिने चतुर्थी-एकादशी सोडा, आजारी माणसाला उपवासातून सूट आपल्या आजीपणजीही देत आल्या आहेत.

डोक्याला काय करू नये

टाके निघेपर्यंत आणि जखम पूर्ण भरेपर्यंत तेल, बाम, लेप काहीही जखमेवर नको. नंतरही व्हॉल्व्हवर आणि मानेतल्या नळीच्या रेषेवर चंपी नको. केस कापायला गेलात तर आधी सांगा की डोक्यावर थापट्या नकोत आणि मान कडकड मोडायची नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण दादाने सहा महिन्यांनी सवयीने मान पुढे केली होती आणि मुलाने वेळेवर ओरडून थांबवलं. व्हॉल्व्हचा फुगवटा बोटाने दाबून 'चालतोय का' बघू नका. शीर्षासन, सर्वांगासन आणि नाकात तेल सोडण्यासारखे उपचार सर्जनला विचारल्याशिवाय नकोत.

व्हॉल्व्ह बाहेरून सेटिंग बदलता येणारा असेल तर चुंबक लांब ठेवा. आपल्याकडे सांधेदुखीवर चुंबकीय गाद्या, उश्या, पट्टे घरोघरी विकले जातात, ते अशा पेशंटच्या घरात डोक्याजवळ येताच कामा नयेत. मोबाइल दुसऱ्या बाजूच्या कानाला लावा. हेडफोन, स्पीकर, मुलांची चुंबकी खेळणी डोक्याजवळ नकोत. एमआरआय करायचा असेल तर आधी व्हॉल्व्हचं कार्ड दाखवा. काही व्हॉल्व्हचं सेटिंग एमआरआयमध्ये बदलतं आणि नंतर लगेच तपासून घ्यावं लागतं. एमआरआयनंतर नवीनच डोकेदुखी सुरू झाली, तर पहिला संशय सेटिंगवर घ्या.

लगेच निघायचं कधी

खालीलपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका:

- गुंगी, हाक मारल्यावर उशिरा ओ देणं, जागं करायला कष्ट पडणं, असंबद्ध बोलणं
- वाढत जाणारी डोकेदुखी आणि वारंवार उलटी
- एकाचे दोन दिसणं, अचानक धूसर दिसणं
- फिट येणं
- एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोल जाणं, बोबडी वळणं
- १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, मान ताठ होणं
- जखमेतून पाण्यासारखा किंवा पुवासारखा स्राव, नळीच्या रेषेवर लाली किंवा सूज
- डोक्याला मार लागणं
- पोट फुगून खूप दुखणं

ताप आल्यावर "हवा बदलली असेल" म्हणून घरगुती काढा देत बसू नका. शंटचा जंतुसंसर्ग बहुतेकदा ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच होतो.

लहान बाळ बोलून सांगू शकत नाही. त्याची टाळू फुगलेली व ताठ लागणं, डोकं भराभर वाढणं, दूध न पिणं, सतत किरकिर किंवा उलट फार झोपणं, डोळे खाली वळलेले राहणं हीच त्याची डोकेदुखी समजा. म्हाताऱ्या माणसात डोकं न दुखताही बिघाड होऊ शकतो. सुधारलेली चाल पुन्हा अडखळू लागली, लघवीवरचा ताबा सुटला, विसरभोळेपणा वाढला, तर पडल्याचं आठवतं का तेही विचारा.

गुंगीत असलेल्या माणसाला पाणी-दूध पाजू नका, कुशीवर झोपवा. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ ला फोन करा. शक्यतो जिथे न्यूरोसर्जन आणि सिटी स्कॅन दोन्ही आहेत तिथेच न्या. शेवटचं कधी खाल्लं ती वेळ लक्षात ठेवा, पुन्हा ऑपरेशन लागलं तर भूल देणारे डॉक्टर हेच विचारतात.

दवाखान्यात काय न्यायचं, काय विचारायचं

एक पिशवी कायम भरलेली ठेवा: डिस्चार्ज कार्ड, शंटचं स्टिकर किंवा कार्ड, सध्याचं सेटिंग, सगळ्या स्कॅनच्या फिल्म आणि सीडी, वही. पेशंट बरा असताना काढलेला स्कॅन यात सगळ्यात मोलाचा. पोकळ्या मोठ्या झाल्या की नाही हे नुसतं आजच्या फिल्मवरून सांगता येत नाही, ते शेजारी जुनी फिल्म धरूनच कळतं. त्या सगळ्याचे फोटो मोबाइलमध्येही ठेवा.

आणीबाणीत पहिल्यांदा बघणारे डॉक्टर कदाचित न्यूरोसर्जन नसतील. पहिलं वाक्य हेच म्हणा: "यांना अमुक तारखेला शंट बसवला आहे, डोकेदुखी नेहमीसारखी नाही." सिटी स्कॅनसोबत डोक्यापासून पोटापर्यंतचे एक्स-रे लागतील का ते विचारा, नळी कुठे तुटली-निसटली असेल तर त्यांत दिसते. आणि स्कॅन नॉर्मल आला तरी पेशंटची लक्षणं वाढत असतील, तर "नॉर्मल आहे, घरी जा" एवढ्यावर उठू नका. काही वेळा शंट बिघडूनही स्कॅनवर फारसा फरक दिसत नाही. आम्हाला एकदा एका ठिकाणी गॅसची गोळी देऊन परत पाठवलं होतं. वहिनी वही घेऊन तिथेच बाकावर बसून राहिली, न्यूरोसर्जन येईपर्यंत. तेव्हा नळीचं वरचं टोक अडलेलं निघालं आणि त्याच रात्री ते बदललं.

शंट बदलावा लागणं हे दुर्मीळ नाही. मुलांमध्ये तर बसवल्यापासून दोन वर्षांत जवळपास निम्म्या शंटमध्ये काहीतरी बिघाड होतो. म्हणून डोकेदुखी थांबली तरी ती पिशवी माळ्यावर टाकू नका. आमची दाराच्या खुंटीला आहे, छत्रीच्या शेजारी. दादा आता कामावर जातो, दिवसभर बसतो. वहीत गेल्या महिन्यात दोनच नोंदी आहेत आणि दोन्हींसमोर वहिनीने लिहिलंय, "झोप कमी झाली होती."